‘हळू चाला’ बंद केलं तो मंगळवार

“बाबा पडले होते. तुम्हाला माहीत होतं. मला नाही.”

सुजातानं, माझे पेशंट मानकर काका यांच्या मुलीनं, मोबाइल माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर माझंच चित्र होतं. वॉकर घेतलेले एक आजोबा स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेत आणि फिजिओला सांगतायत, “मुलीला कळू देऊ नकोस, ती मला उचलून घेऊन जाईल.” वॉकरच्या दांड्याला हिरव्या साडीचा काठ गुंडाळलेला.

चित्रातल्या माणसाला मिशी होती, मानकर काकांना नाही. चित्रातला माणूस हडकुळा, काका चांगले जाडजूड. पण तो काठ सुजाताच्या आईच्या साडीचा होता, काकांच्या वॉकरला गुंडाळलेला तोच. तेवढा मी बदलला नव्हता. चित्रात तोच सगळ्यात छान दिसत होता.

मी फिजिओथेरपिस्ट. दादरच्या एका क्लिनिकमध्ये नोकरी, दुपारनंतर होम व्हिजिट्स. अकरा वर्षं दर रविवारी मी ‘हळू चाला’ नावाची चित्रमालिका इन्स्टाग्रामवर टाकत होते. पेशंटचे किस्से, नावं बदलून. काका गोदीतल्या ऑफिसातून रिटायर झालेले. बायको गेल्यापासून ठाकूरद्वारला एकटेच राहायचे. सुजाता ठाण्याला, त्या दिवशी मुद्दाम त्यांच्या घरी आलेली.

“मी आज त्यांना घेऊन चाललेय,” सुजाता म्हणाली.

काका खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होते.

“आधी एक टेस्ट घेऊ दे,” मी म्हटलं.

टेस्ट साधी असते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. आम्ही स्टॉपवॉच लावतो. वेळ जास्त लागला की पडण्याचा धोका जास्त. वळताना काका एकदा थबकले. सुजाता पुढे झाली, मी हातानं तिला थांबवलं. ते वळले, आले, बसले. वेळ ठीक होता.

सुजाता त्या दिवशी एकटीच परत गेली. जाताना दारात म्हणाली, “पुढच्या वेळी पडले तर मला फोन कराल?”

“करेन.”

काकांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकच्या हेड मॅडमना मी स्वतःच सगळं सांगितलं. त्यांनी ते चित्र उघडून पाहिलं.

“नाव नव्हतं, तरी ओळखलं ना?”

“हो.”

“मग प्रत्येकाची लेखी कन्सेंट घे. नाहीतर बंद कर.”

मी कन्सेंट फॉर्म तयार केला. बंद करायचं मनातही येत नव्हतं. अकरा वर्षं! लोक वाट बघायचे. मीही रविवारची वाट बघायचे.

पुढच्या मंगळवारी काकांकडे गेले ती फॉर्म बॅगेत घालूनच. व्यायाम घेताना त्यांची बाही वर सरकली. कोपर काळंनिळं झालेलं.

“काका, पडलात का?”

“दार लागलं.”

दार लागूनही असं होतं. पण काकांचा हात दोनदा डोक्याकडे गेला होता.

“डोकं दुखतंय?”

“ऊन किती आहे.”

काकांच्या हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी होती. अशा माणसाचं डोकं आपटलं तर आत हळूहळू रक्त साचत राहतं. वरून दोन-चार दिवस काही दिसत नाही. नंतर अचानक माणूस कोसळतो.

मी समोर बसले. “काका, डोकं आपटलं असेल तर आजच स्कॅन करायला हवा. खरं सांगा.”

“कुठेही येणार नाही मी. काही झालेलं नाही.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “तुझी चित्रं छान असतात. मीही हसायचो. माझं येईपर्यंत.”

फॉर्म बॅगेतच होता. काढला असता तर काकांनी सहीसुद्धा केली असती. सही मिळाली असती, उत्तर मिळालं नसतं.

मी फोन काढला. ‘हळू चाला इथे संपतंय. इतकी वर्षं वाचलंत, आभार.’ एवढंच लिहिलं. पोस्ट करायच्या आधी अंगठा जरा अडला. मग केलं, आणि फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

“माझ्यासाठी कशाला बंद केलंस?”

“तुम्ही मला सांगत नाही ना, म्हणून.”

काकांनी फोन मला परत दिला. खाली वाडीत कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

“शनिवारी,” ते म्हणाले. “बाथरूममध्ये. नळावर आपटलं.”

“शुद्ध गेली होती?”

“नाही बहुतेक. नळ नुकताच सोडला होता. उठलो तेव्हा बादली भरून वाहत होती.”

मी टॅक्सी बोलावली. परळच्या हॉस्पिटलपर्यंत त्यांना बोलतं ठेवलं, अधूनमधून दोन्ही हात दाबायला लावून ताकद बघत राहिले. सुजाताला फोन त्यांच्यासमोरच केला. त्यांनी अडवलं नाही, खिडकीबाहेर बघत बसले.

स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्ताचा पातळ थर निघाला. डॉक्टरांनी गोळी थांबवली, काकांना ऍडमिट करून घेतलं. ऑपरेशन लागलं नाही. आणखी दोन दिवस घरी राहिले असते तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. मला माहीत होतं.

हॉस्पिटलमधून काका ठाण्याला गेले. तिथे दुसरी फिजिओ येते. सुजाताचा एकदा मेसेज आला, ‘बाबा बरे आहेत.’ काकांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

म्हातारी माणसं पडतात, ते पूर्ण टळत नाही. आपण पडलो हे त्यांनी आम्हाला सांगावं, यावर आमचं काम चालतं. आणि त्यांनी सांगितलेलं कोण कुठे नेतं, हे त्यांना आमच्यापेक्षा लवकर कळतं. मला हे समजायला अकरा वर्षं लागली.

रविवारी हात शिवशिवतात, तेव्हा हल्ली मी दोडक्या-पडवळांची चित्रं काढते. माणसांइतकी बरी येत नाहीत.