सगुणाआत्याचा चारखांबी डाव

सगुणाआत्याकडून आंबा घेणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. एप्रिल-मे महिन्यात आरे-वारेच्या रस्त्याला ती चार पेट्या मांडून बसते. गाडी थांबवून कुणी मोठ्या तोऱ्यात आंबा उचलला, की ती त्याच्या हातातून तो सरळ काढून घेते. "ह्यो नको. ह्याच्यात साका हाय." वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा आत पांढरा, रबरासारखा निघतो, त्याला साका म्हणतात. तो कापल्याशिवाय बाकीच्यांना कळत नाही. आत्याला हात लावून कळतो, आणि कळल्यावर गप्प बसणं तिच्या स्वभावात नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण खोटा माल पेटीत जायचा नाही.

साठी उलटलेली, काटक, साडी गुडघ्यापर्यंत खोचून चालणारी ही बाई. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारायची हिंमत गावात कुणाला झाली नाही. थोरला भाऊ धाकू आणि ती, एवढीच दोघं वर्षभर त्या घरात असतात. गणपतीला मात्र मुंबईहून धाकूचा मुलगा रितेश, त्याची बायको नम्रता, पुतणे, त्यांची पोरं असं सगळं लटांबर येतं आणि घर नुसतं दणाणून जातं. लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणतात. नातं मोजत बसायला कुणाला वेळ नसतो.

बाहेर पावसाची झड लागलेली असते, पोरांना खळ्यात, म्हणजे अंगणात सोडता येत नाही. म्हणून आत्याने कधीकाळी एक खेळ काढला, चारखांबी. पुढच्या पडवीला चार खांब आहेत. एक इस्पिकचा, एक बदामचा, एक किलवरचा, एक चौकटचा. मध्ये पाटावर धाकूआजोबा पत्त्यांचा जोड घेऊन बसतात आणि एकेक पान उलटतात. जे पान येईल त्या खांबाला धावत जाऊन हात लावायचा. पान उलटेपर्यंत कुठेही उभं राहिलं तरी चालतं, पण सगळे मध्येच घुटमळतात. गुलाम आला तर लंगडी घालत जायचं, राजा आला तर पळायचं नाही, रुबाबात चालायचं. पाच वेळा शेवटी पोचला तो बाद. बाद झालेल्याने मात्र हात बांधून बसायचं नाही. पडलेली पानं उचलून, इस्पिक इस्पिकमध्ये, बदाम बदाममध्ये अशा चार गड्ड्या लावायच्या. हे काम आत्यानेच लावून दिलेलं, बाद झालेली पोरं रडत बसू नयेत म्हणून. दोघंच उरली, की उरलेली पानं त्यांच्यात. जो आधी हात लावेल त्याचं पान, ज्याची पानं जास्त त्याचा डाव.

आणि डाव दरवर्षी आत्याचा.

"अगो, एकदा तरी जिंकू दे की पोरांना," नम्रता म्हणायची. आत्याला ते पटायचं नाही. मुद्दाम हरणं आणि साक्याचा आंबा पेटीत वरच्या थराला लावणं, तिच्या लेखी दोन्ही एकच.

रितेशची मुलगी वेदिका सात वर्षांची. मुंबईच्या घरी ती प्रत्येक खेळात जिंकते. सापशिडीत जिंकते, कॅरममध्ये जिंकते, बाबाबरोबर शर्यत लावली तरी जिंकते. आणि त्या जिंकण्याला तिच्या मते काडीची किंमत नाही. "बाबा हरायच्या आधी माझ्याकडे बघतो," असं तिने एकदा आत्याला अगदी हळू आवाजात सांगितलं होतं. आत्याला तेव्हा त्या पोरीचं एवढं वाईट वाटलं, की तिने लगेच तिला पुढच्या डावात बाद केलं. वेदिकाला आत्याला हरवायचं होतं. दुसऱ्या कुणाला हरवून उपयोग नव्हता, कारण दुसरं कुणी खरं खेळतच नव्हतं. पण गेली तीन वर्षं ती सगळ्यात आधी बाद व्हायची आणि धाकूआजोबांच्या पायाशी बसून गड्ड्या लावायची.

यंदा गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारची आरती झाली, मोदक झाले, आणि नऊजण चारखांबीला उभे राहिले. काय तो धुडगूस! रितेश पोट सांभाळत धावता धावता खांबाऐवजी बायकोलाच जाऊन धडकला. एका पुतण्याचा अकरा वर्षांचा ऋत्विक सगळ्यात चपळ, पण किलवरच्या गुलामाला त्याने लंगडीत दुसरा पाय टेकला आणि धाकूआजोबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "टेकला, टेकला! मी आंधळा न्हाय रे झिपऱ्या!" बारकी वेदिका मोठ्यांच्या काखेखालून, पायांतून वाट काढत वाचत राहिली. एकेक करत सगळे बाद झाले आणि उरल्या दोघी. सगुणाआत्या आणि वेदिका.

"वायच पानी पी गो बाय," आत्या पदराने मान पुसत म्हणाली, "मग हर."

धाकूआजोबांच्या हातात नऊ पानं होती. पहिलं उलटलं, चौकट सत्ती. वेदिका आधी पोचली. नशीब, आत्या मनात म्हणाली. दुसरं बदामचं, ते आत्याने मारलं. तिसरं परत चौकट, वेदिकाचं. चौथं किलवर, आत्याचं. आता आत्याच्या लक्षात आलं की पान उलटायच्या आधी पोरगी मध्ये परत येतच नाहीये. चौकटच्या खांबापासून दोन पावलांवर नुसती उभी आहे. दमली असेल, असं आत्याला वाटलं. पाचवं चौकट. सहावं चौकट. दोन्ही वेदिकाची.

तेव्हा कुठे आत्याची नजर खाली गेली. ऋत्विकने लावलेल्या चार गड्ड्या शेजारी शेजारी पडल्या होत्या. तीन गलेलठ्ठ, आणि चौकटची निम्मीच.  आत्या चौकटच्या खांबाकडे अशी सुटली, की बाजूला ठेवलेली झांज लाथेने पार ओटीवर गेली. पान उलटलं. चौकट पंजी. आत्याचा हात खांबाला लागला तो वेदिकाच्या हातावर.

पाच विरुद्ध दोन. डाव संपला.

पडवीत एकच कल्ला झाला. रितेशने लेकीला उचलून गरगर फिरवलं आणि आत्याकडे बघून डोळे मिचकावले. "शाब्बास आत्या! शेवटी सोडलंस पोरीला. मन मोठं तुझं."

वेदिकाचा चेहरा खर्रकन उतरला. ती बापाच्या हातातून खाली घसरली. "तू मुद्दाम हरलीस?" तिने आत्याला विचारलं. डोळे भरून आले होते.

आत्याला भयंकर संताप आला. "मेल्या," ती रितेशवर कडाडली, "मी कोनाला सोडलाय कधी? तुला सोडला होता? तू दहा वर्सांचा असताना ह्याच खांबाला धरून भोकाड पसरलं होतंस!"

पोरं खिदळली, पण वेदिका हसली नाही. मोठी माणसं असं बोलतातच, हे तिला ठाऊक होतं. आत्याने ते पाहिलं. तिने धाकूचा हात धरला. "दादा, ती दोन पानं उलटू नको. वेदे, आता सगळ्यांना सांग. दादाच्या हातात काय काय हाय?"

वेदिकाने नाक पुसलं. गड्ड्यांकडे बघायचीही तिला गरज पडली नाही. "एक चौकट. एक बदाम."

धाकूआजोबांनी पानं उलटली. चौकट नव्वी, बदाम तिर्री.

रितेशचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "तुला कसं गं कळलं?"

"प्रत्येकाची तेरा असतात," वेदिका म्हणाली. "मी तीन वर्षं लावत्ये ना गड्ड्या. मग लांब कशाला उभं राहायचं?"

 आत्या खांबाला टेकून खाली बसली. इतकी वर्षं ती पायांनी खेळत आली होती, आणि ही चिमुरडी बाद होऊन होऊन खेळ शिकली होती. तिला अभिमान वाटला, आणि त्याहून कितीतरी जास्त झोंबलं.

वेदिका तिच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली. "मग तू खरंच हरलीस?"

"खरंच," आत्या म्हणाली. "आनि मला लई राग आलाय. आता वायच माझ्या म्होरनं जा."

वेदिका गेली ती उड्या मारतच गेली. रात्रीची आरती होऊन जेवणं आटोपेपर्यंत आत्या तिच्याशी धड एक शब्द बोलली नाही, आणि वेदिकाला त्या दिवशी मोदकापेक्षाही तेच गोड लागलं.