सुंदरी मगदूम बँकॉकला गेली तेव्हा

सुंदरी मगदूम सांगली डेपोला कंडक्टर होती. नोकरीची बरीच वर्षं सांगली–सातारा गाडीवर गेली. आष्टा, इस्लामपूर, कराड, सातारा आणि त्याच रस्त्यानं परत. लग्न झालं नाही. वडील गेल्यावर आईला तिनंच सांभाळलं. थोरला भाऊ नेमिनाथ वरच्या मजल्यावर राहायचा. हळदीचा व्यापार, समाजात वजन, जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, कमिटीवर नाव. आईची औषधं, आंघोळ, दवाखाना ही खालच्या मजल्यावरची कामं, म्हणजे सुंदरीची.

निवृत्त झाल्यावर तिनं बँकॉकचं तिकीट काढलं. एकटीचं. पुण्याहून थेट विमान होतं, व्हिसाची भानगड नव्हती, एवढाच तिचा हिशेब.

“बँकॉकला?” नेमिनाथ म्हणाला. “बायामाणसं जात्यात व्हय तिथं? आन् मला न विचारता?”

“जाऊ दे रं तिला,” आई म्हणाली. “मला काय हुतंय? गुणमाला हाय की वर.”

गुणमाला म्हणजे नेमिनाथची बायको.

बँकॉकमध्ये पहिली दुपार सुंदरीनं हॉटेलच्या खोलीत दशम्या खात काढली. खिडकीतून दिसणाऱ्या उंच इमारती आणि त्यांच्या मधून, डोक्यावरून धावणारी ट्रेन बघून बाहेर पडायचा धीर होईना. संध्याकाळी मन घट्ट करून ती खाली उतरली, दोन गल्ल्यांत रस्ता चुकली. एका गाड्यावरच्या बाईला तिनं मोबाईलमधलं कांदा-लसणाचं चित्र दाखवून नको नको म्हणून हात हलवला. बाईनं गाड्याला लावलेल्या पिवळ्या झेंड्याकडं बोट केलं. असा झेंडा असला की कांदा-लसूण नाही, हे सुंदरीला कळलं आणि अर्धं शहर आपलं झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रेन सोडून साध्या बसमध्ये चढली. कंडक्टर बाईच होती, अंगानं थोराड. हातात पत्र्याची लांब नळी, आत तिकिटांच्या गुंडाळ्या. नळी खडखडवत ती पैसे मागायची. सुंदरीनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “इंडिया. कंडक्टर.” मग हवेत तिकीट पंच करून दाखवलं. ती बाई मोठ्यानं हसली आणि तिनं नळीच सुंदरीच्या हातात दिली. सुंदरी गर्दीतनं नळी वाजवत फिरली, लोक हसत होते, कॉलेजच्या एका मुलीनं सुंदरीच्या मोबाईलवर फोटो काढला. शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन ती त्याच गाडीनं परत आली.

फोटो तिनं घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘माझी इथली ड्यूटी.’

सगळ्यांनी बघितला. उत्तर कुणाचंच आलं नाही. संध्याकाळी तिनं फोन लावला.

“आई झोपलीया,” नेमिनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. “बरी हाय न्हवं, अण्णा?”

“आता तिला काय तरास न्हाई.”

सुंदरी निर्धास्त झाली. नदीतल्या होडीनं हिंडली, देवळं बघितली, आईसाठी न घसरणाऱ्या मऊ चपला घेतल्या.

परतली तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. सोप्यात माणसं बसली होती आणि खुर्चीवर आईचा हार घातलेला फोटो.

“आल्या बघा फिरून,” गुणमाला म्हणाली.

सुंदरी उंबऱ्यातच खाली बसली. “कवा?”

“तू बसमधी नाचत हुतीस त्या सकाळी,” नेमिनाथ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “दुपारी नदीवर न्हेली.”

“आई झोपलीया म्हणालास तू मला.”

“हिंडायची हौस हुती न्हवं? म्हटलं, पुरी हिंडून ये.”

“रोज विमान हुतं, अण्णा. सकाळपातूर आले असते. तोंड तरी बघितलं असतं.”

“तुझ्यासाठी मढं ठेवायचं हुतं काय?”

गुणमालानं बसमधला तो फोटो सगळ्या भावकीत पाठवला होता. आई गेली त्या दिवशी लेक बघा, असं लिहून. शेजारच्या अंबूबाईनंसुद्धा तिच्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

“आई काय बोलली का जाताना?” सुंदरीनं विचारलं.

“तुमचंच नाव,” गुणमाला म्हणाली. “सुंदरी आली का, सुंदरी आली का. आमी सांगितलं, ती काय येत न्हाई आता.”

दिवसकार्य उरकल्यावर नेमिनाथनं खालचा मजला रिकामा करायला सांगितलं. घर त्याच्या नावावर होतं. सुंदरी माधवनगरला एका खोलीत राहायला गेली. बस्तीत लहान मुलांची पाठशाळा ती घ्यायची. कमिटीनं दुसरी बाई बघितली. लग्नाकार्यात बायका तिला पाहून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मग तिनं जाणंच सोडलं.

आईला जाऊन वर्ष झालं तेव्हा नेमिनाथचा फोन आला.

“जेवायला ये. लोकं इचारत्यात.”

“एक सांग,” सुंदरी म्हणाली. “आई खरंच माझं नाव घेत हुती, का गुणमालानं मनानं जोडलं?”



“काय करायचंय तुला आता ते?” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

सुंदरी जेवायला गेली नाही. खरं काय, ते तिला अजून ठाऊक नाही.