एका टाकीत साठ

टाकीत बोट बुडवायचं, ते जिभेला लावायचं आणि डोळे मिटून क्षणभर थांबायचं. माझ्या अकोल्याच्या शोभेच्या माशांच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, चाचा हे करायचे. बायका तोंड फिरवायच्या. मग निकाल यायचा, "पानी बासी झालं, शेठ."

मी सायकलच्या हँडलला माशांच्या पिशव्या लटकवून वर आलेला माणूस. 'शेठ' म्हणताना ते टोमणा मारतात, हे मला चांगलं कळायचं.

अकोटला त्यांच्या अंगणात सिमेंटच्या टाक्या होत्या आणि त्या खारपाण मुलखात नवल वाटावं अशी गोड्या पाण्याची विहीर. तिथे ते गोल्डफिशची पिल्लं वाढवत आणि मला विकत. भावात त्यांना हरवणं सोपं होतं. भांडण वेगळ्याच गोष्टीवरून व्हायचं.

"एका टाकीत किती ठेवशीन?"

"दोनशे."

"मंग नाही देत."

"अहो, खाणं दुप्पट टाकीन!"

"नुसत्या खान्यानं पोरगं वाढते का? त्याले जागा लागते, ताजं पानी लागते. पोट भरलेलं असलं तरी आपल्याच घाणीत खुंटते ते."

दर गुरुवारी ते चहाच्या गाळणीने पिल्लं निवडायचे. मोठी एका टाकीत, लहान दुसरीत. म्हणायचे, "दांडगं पोरगं बाजूच्याले जेवू देत नाही." उबेने पिल्लू लवकर वाढतं, पण तापलेल्या पाण्यात त्याचा जीव घुसमटतो, म्हणून चैत्रापासून टाक्यांवर ओली पोती. मी एकदा वैतागून विचारलं, "चाचा, मासे विकता की शाळा चालवता?"

"शाळाच. अन् तू दरसाल नापास."

पुढे पावसाने लागोपाठ तिसऱ्या वर्षी दगा दिला. अकोटच्या अर्ध्या कापसाच्या जिनिंग बंद पडल्या, नळ पंधरा-पंधरा दिवस कोरडे. सगळी गल्ली चाचांच्या विहिरीवर पाणी भरायची. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. विहिरीचा तळ दिसू लागला, तेव्हा त्याच गल्लीतले चौघे अंगणात येऊन सुनावून गेले, "शोभेच्या माशायले पानी देऊन राहिले? लाज वाटू द्या जराशी!"

माणसाची स्वतःची विहीर! आणि त्या चौघांतल्या एकाच्या दारात त्याच पाण्याने मोटारसायकल धुतली जात होती. मी डोळ्यांनी पाहिली.

मी तडक चाचांपुढे उभा राहिलो. "भांडा त्यांच्याशी! नाही तर मी जातो."

"बस खाली. लोकायचे पोरं तहानले असताना मी माशाचे पोरं वाढवू काय?" मग त्यांनी पिल्लं भरलेले झाकणाचे डबे पुढे सरकवले. "तू घेऊन जाय. पैसे नको. पाऊस आला का मी न्यायले येतो. फक्त एका टाकीत साठ. कबूल?"

"कबूल."

कित्येक वर्षं निवडत निवडत त्यांनी तो वाण काढला होता. त्याची एवढीच पिल्लं होती, एकशे ऐंशी. ही वाढली, तरच चाचांच्या टाक्या पुन्हा भरणार होत्या.

तीन टाक्या द्यायच्या होत्या, मी एक दिली. बाकीच्या दोहोंत विकाऊ माल होता, तो हलवावासा वाटला नाही. शब्द दिला होता, पण मनातल्या मनात घासाघीस केली. खाणं मात्र तिप्पट टाकलं.

पाऊस आल्यावर चाचा आले. बोट बुडवलं, जिभेला लावलं. या वेळी निकाल दिला नाही. वाकून बघत राहिले. बरीच पिल्लं मेली होती. उरलेल्यांची अंगं बोटाच्या पेराएवढी आणि डोळे मोठ्या माशाचे.

"हे लहान नाही राहिले, बेटा," ते म्हणाले. "म्हातारे झाले."

त्या दिवशी ते मला शेठ म्हणाले नाहीत. शिवी दिली असती तर मी दोन परत दिल्या असत्या. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही. रिकामे डबे घेऊन गेले आणि त्याच महिन्यात अमरावतीला लेकीकडे राहायला गेले, ते कायमचे. तिकडेच वारले.

त्या चौघांचा संताप मला अजून येतो. त्या गल्लीत गेलो तर पाणी पीत नाही. चाचांना त्याचा काय उपयोग, ते विचारू नका.

ते मासे आता दुकानातल्या सगळ्यांत मोठ्या टाकीत आहेत. पाणी दर तिसऱ्या दिवशी मीच बदलतो. गिऱ्हाईक हटकून विचारतं, "काय गोड पिल्लं आहेत! कशी दिली?"

"विकाऊ नाहीत."

"बरं, मोठी झाल्यावर द्याल?"