लंबूची पाठ आणि बाबांचा आरसा

लंबूच्या पाठीविषयी मी लिहावं एवढं मला त्यातलं कळत नाही. पण इतकी वर्षं मी त्याच्या खुर्चीत मान खाली घालून बसतो, आणि जे झालं ते अक्षरशः माझ्या डोक्यावरच झालं, म्हणून लिहितो.

लंबू आमच्या गल्लीत केस कापतो. दुकान त्याच्या वडलांचं. ते जाऊन बराच काळ लोटला. वडील बुटके होते, हा ताडमाड. त्याला शौक एकच. सुट्टीच्या दिवशी शहराच्या टोकाला सर्वांसाठी खुल्या असलेल्या मैदानावर जाऊन गोल्फ खेळायचं.

मागच्या थंडीत त्याची पाठ धरली. दुकान बंद पडलं. परत आला तो कमरेला पट्टा बांधूनच. पुन्हा असं झालं तर उभ्याचं काम सोडावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायकोने गोल्फची पिशवी माळ्यावर टाकली आणि शिडी शेजाऱ्यांकडे देऊन आली.

"काका, तुम्हीच सांगा हिला," लंबू कात्री चालवत म्हणाला. "पाठ काय खेळून गेली?"

"मग काय भांग पाडून गेली?" टॉवेलच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली.

नवरा-बायकोच्या भांडणात मी पडत नाही, आणि कात्री कानाशी असताना तर नाहीच.

लंबू इरेला पेटला. कोपऱ्यातला फरशी पुसायचा दांडा उचलून त्याने तो पाठीला उभा लावला. मैदानावरच्या मास्तरांनी त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. दांडा डोक्याला, खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला टेकवायचा. मग गुडघे जरा सैल सोडून, ढुंगण मागे नेऊन खुब्यातून वाकायचं. पाठीची कमान झाली की दांडा सुटतो, आणि तशा पाठीने जोरात वळलं की मणका बोंबलतो. चेंडू उचलायचा तोही खेळायच्या काठीवर हात टेकून, एक पाय मागे उचलून, पाठ सरळ ठेवून. हेही त्याने दुकानाच्या मधोमध, एका पायावर, करून दाखवलं.

"बघ. कुठे सुटला दांडा?"

ती चारी बाजूंनी फिरून आली. दांडा काही सुटला नव्हता.

"बरं. आता काकांच्या कानामागचं कापा. दांडा मी धरते."

तो माझ्यावर वाकला.

"अगं बाई! नुसता पोकावर टेकलाय. वर-खाली सगळी हवा! दिवसभर असेच उभे असता?"

"खुर्ची खाली आहे ना."

"मग घ्या की वर!"

त्याने पायाने दाबून खुर्ची वर घेतली. मी वर वर गेलो आणि आरशातून माझं डोकंच नाहीसं झालं. हनुवटीखालचा तेवढा उरलो. मग आम्हा तिघांनाही कळलं. आरसा वडलांनी आपल्या उंचीला लावला होता. खुर्ची त्या आरशाच्या मापाची, आणि लंबू खुर्चीच्या मापाचा झाला होता.

"आरशाला हात लावायचा नाही," लंबू हळूच म्हणाला. "बाबांनी स्वतः लावलाय."

"बाबा तुमच्या खिशापर्यंत यायचे! आज असते तर त्यांनीच तुम्हाला वेड्यात काढलं असतं."

उरलेले केस लंबूने ताठ उभं राहून कापले. मला बघायला हातात धरायचा छोटा आरसा दिला. शेवटी माझी मान झटकताना बायकोला म्हणाला, "आरसा वर घेतला, तर पिशवी खाली येईल?"

"आधी आरसा. मग बघू."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा आरसा वर होता. पट्टा खुंटीला होता आणि पिशवी दाराआड उभी होती.

"शिडी मीच आणली, पिशवी मीच उतरवली," बायको म्हणाली. "यांनी हात वर करून ओढली असती, म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात!"

मी खुर्चीत बसलो, वर गेलो, आणि स्वतःला पुरा दिसलो. आरशाखाली जुन्या जागेची फिकट पट्टी राहिली आहे. तिला रंग द्यायचं लंबूने अजून मनावर घेतलेलं नाही, आणि बायको त्याबद्दल काही बोलत नाही.