मालनवहिनीचा पिक्चर

गेल्या महिन्यात एका दुपारी पाथर्डीकडून फोन आला. "आत्या, आई गेली…" एवढंच बोलून मालनवहिनीचा मुलगा थांबला. मी फोन तसाच हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले, आणि आश्चर्य म्हणजे डोळ्यांसमोर आली ती अलीकडची, काठी टेकत चालणारी वहिनी नव्हे. आली ती विशीच्या आतली, काळीसावळी, उंच, बोलताना हात नाचवणारी, नुकतीच लग्न होऊन आमच्या शेजारच्या घरात आलेली पोर.

माझे वडील तेव्हा पाथर्डी तालुक्यातल्या एका लहान गावात शाळामास्तर होते. गावात ब्राह्मणाचं घर आमचं एकच. शेजारी रंगनाथदादाचं घर, मध्ये छातीएवढी भिंत. दादाला मी राखी बांधायची, म्हणून मालन माझी वहिनी. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी असेल, पण मला ती लाडाने 'मास्तरीन' म्हणायची. सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं होती, पाऊस सारखा पाठ फिरवत होता. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलपात जायची आणि माणसं ऊसतोडीला निघायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी वहिनी आणि दादा कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर गेले. चैत्रात परतले ते एक मोठीच बातमी घेऊन… वहिनी पिक्चरमध्ये आली होती!

झालं असं होतं, की त्यांच्या तळाजवळच्या उसात एका सिनेमाचं गाणं काढायला माणसं आली. नाचणारी बाई त्यांची होती, पण तिच्या मागेपुढे खऱ्या ऊसतोड्या बायका आणि गडी हवे होते. मुकादमाने वहिनीला आणि दादाला पुढे केलं. वहिनी ते सगळं मला भिंतीपलीकडून करून दाखवायची. चोळी मागून टाचण्या लावून कशी आवळली, पदर कसा खोचायला लावला, पाइपाने अंगावर पाणी कसं उडवलं. "आगं, ती मशीन इतकी जवळ आन्ली, इतकी! मी आपलं कुकू नीट केलं, क्यास मागं सारले. तर त्यो मानूस म्हनतो, त्वांड तिकडं करा. म्हटलं उन्हाची तिरीप येत आसंल." दादाचा सदरा काढून त्याला छातीभर तेल चोपडलं होतं आणि खांद्यावर कोयता देऊन उभं केलं होतं. तो विषय निघाला की दादा लाजून गोठ्यात निघून जायचा.

वर्षभर गावात दुसरं बोलणं नव्हतं. कुणी पाहुणा आला की सासूबाई आधी पाणी द्यायच्या आणि मग सुनेचा पिक्चर सांगायच्या. पुढल्या उन्हाळ्यात पाथर्डीच्या बाजारतळावर तंबू टॉकीज आली, आणि नेमका तोच पिक्चर लागल्याची खबर कुणीतरी आणली. गावातून बैलगाड्या जुंपल्या गेल्या. दादाचे वडील, गावात ज्यांना सगळे बापू म्हणत, कधी तंबूत पाय न ठेवलेले गृहस्थ, तेसुद्धा धुतलेला फेटा बांधून गाडीत बसले. वहिनीने लग्नातलं लुगडं नेसलं होतं. माझ्या आईने तिच्या अंबाड्यावर मोगऱ्याची वेणी माळली. वाटेत ती मला चार वेळा तरी म्हणाली असेल, "मास्तरीन, मी दिसले की माझा हात दाब बरं."

तंबूत मध्ये कापड लावून बायकांची बाजू वेगळी केली होती. आम्ही जमिनीवर पोत्यांवर बसलो. गाणं आलं. ऊस हलला, ढोलकी वाजली, आणि पडद्यावर एक कंबर आली. तंबूभर मोठी, ओली. तिच्यावरून मशीन सावकाश वर गेली, आवळलेल्या चोळीपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. मानेच्या वर काही नव्हतं. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या सुटल्या. मी वहिनीचा हात दाबला नाही, कारण मला कळलंच नव्हतं. तिला कळलं. पडद्यावरच्या त्या दंडावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं… तिच्या आईने जत्रेत गोंदवून घेतलेलं. पाठोपाठ एक तेलाने चमकणारी छाती आली, काळ्या दोऱ्यातला ताईत रुळणारी, तिलाही डोकं नव्हतं. या वेळी बायकांच्या बाजूलाच कुणीतरी खुदकन हसलं. मग नाचणारी बाई आली, गाणं संपलं. "वन्स मोर!" असा गिल्ला झाला, आणि ऑपरेटरने रीळ मागे घेऊन गाणं पुन्हा लावलं.

पुन्हा तीच कंबर आली, आणि वहिनी उठली. कापड बाजूला सारून, पुरुषांच्या मधून चालत ती थेट ऑपरेटरच्या मशीनपाशी गेली. उजेडाच्या झोतात तिची सावली पडद्यावर पडली तसा आरडाओरडा झाला. मी कापडाच्या फटीतून बघत होते.

"ओ भाऊ, माझं त्वांड कुठं हाय?"

ऑपरेटर गोंधळला. "बाई, रिळात हाय तेवढंच दिसतं. मी काय करनार?"

"मंग फिरवून फिरवून लावू नगा. ते माझं आंग हाय."

कोपऱ्यातून एक शिट्टी आली, तसा रंगनाथदादा उभा राहिला. नुसता शिट्टीच्या दिशेने बघत राहिला. ऑपरेटरने मशीन थांबवली, आणि ते गाणं सोडून पुढचं रीळ चढवलं.

परतताना गाडीत वहिनीने वेणी काढून मांडीवर ठेवली होती.

सकाळी भिंतीपलीकडून बापूंचा आवाज आला. "गावाम्होरं अब्रू गेली. हिला तिच्या म्हायेरी घालून ये." मी आणि आई ओट्यावर जागच्या जागी थिजलो. त्या काळी असं माहेरी घातलेली बाई पुष्कळदा तिकडचीच होऊन राहायची. मग दादा बोलला. एरवी बापासमोर मान वर न करणारा माणूस.

"तिला धाडायचं तर मला बी धाडा, बापू. माझं बी आंग उघडं दावलंय. डोकं माझं बी उडवलंय की."

आणि मग सासूबाई, ज्यांनी वर्षभर पाहुण्यांना तो पिक्चर सांगितला होता, त्या चुलीपासून म्हणाल्या, "दोघांस्नी फसिवलं त्यांनी, आन् तुमी एकटीलाच हाकलता व्हय? मी न्हाई जाऊ द्यायची तिला." बापू फेटा गुंडाळत बाहेर पडले ते दुपारीच जेवायला आले. ताट वहिनीनेच वाढलं. विषय तिथे मिटला… निदान घरात. गावातली टवाळ पोरं पुढे वर्षभर तिला बघून ते गाणं गुणगुणायची. ती थांबायची, वळून त्यांच्याकडे नीट बघायची, आणि त्यांच्या आईचं नाव घेऊन "ती बरी हाय का रं?" म्हणून विचारायची. गाणं हळूहळू बंद पडलं.

पुढे वडिलांची बदली झाली, माझं लग्न होऊन मी नगरला आले, पण वहिनी येत राहिली. कधी दवाखान्याच्या कामाला, कधी नुसतीच, बाजरीचं पीठ घेऊन. ही गोष्ट ती हसून सांगायची, तरी ऑपरेटरपाशी आली की तिचा आवाज अजूनही बदलायचा. दोन-तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा माझी नात मोबाईलवर गाण्यांचे व्हिडिओ बघत होती. तोकड्या कपड्यांतली एक मुलगी, मागे उघड्या अंगाची पोरं. वहिनी शेजारी बसून बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "हिचं नाव काय गं, बाळा?" नातीला माहीत नव्हतं. "रोज बघतीस, आन् नाव ठावं न्हाई? शोध की." नातीने खरंच शोधलं. गाणाऱ्याचं सापडलं, नाचणारीचं नाही. "आन् ह्या पोरांना त्याल कुनी चोपडलं?" असं म्हणून वहिनी जी हसत सुटली, की डोळ्यांतून पाणी आलं. मला मात्र त्या दिवशी नीट हसता आलं नाही.

दहाव्याला गेले होते. विधी आटोपले, माणसं पांगली, मी रात्री तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दारातल्या लिंबाखाली गल्लीतली एक लहान मुलगी येऊन बसली, हातात फणी आणि तेलाची बाटली. सून मला हळूच म्हणाली, "आईंकडं यायच्या ह्या पोरी दर रयवारी, येन्या घालून घ्यायला. ही मामाच्या गावाला गेलती, हिला कुनी सांगितलंच नसंल बहुतेक." ती उठून जाणार, तेवढ्यात दादा खाटेवरून उतरला. त्याने फणी घेतली, आणि मुलीच्या मागे बसून भांग पाडायला लागला. भांग वाकडा गेला. त्याने केस विस्कटले आणि पुन्हा पाडला, पुन्हा वाकडाच. मुलगी मान खाली घालून बसली होती. "दुखतंय का गं?" दादाने विचारलं. "न्हाई, आबा," ती म्हणाली, "घाला तुमी."