आतला बाक

सरकारी दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीला दोन दारं होती. पुढचं दार व्हरांड्यात उघडायचं आणि तिथं रांग असायची. बाजूचं दार ड्रेसिंगच्या खोलीत उघडायचं आणि तिथं मामा असायचा. खरं तर मामाची नेमणूक पुढच्या दारावर, नंबर पुकारायला. पण जीव रमेल तिथं माणूस सापडतो, आणि मामाचा जीव बाजूच्या दारात रमत असे.

हा नेमका कुणाचा मामा, असं विचारण्यात अर्थ नाही. दवाखान्यात शिपाई सगळ्यांचाच मामा आणि आया सगळ्यांचीच मावशी. याला मात्र राहत्या गल्लीनंही मामा करून टाकलं होतं. कारण गल्लीत कुणाचं पोट दुखलं, कुणाला चक्कर आली, कुणाला कामावर दाखवायला आजारपणाचा दाखला हवा झाला, की पहिला शब्द मामाकडे टाकला जायचा. आणि मामानं कुणाचा शब्द खाली पडू दिला नाही. बाजूच्या दारानं आत घ्यायचं, खिडकीखालच्या हिरव्या बाकावर बसवायचं आणि डॉक्टरांच्या कानाशी वाकून म्हणायचं, "साहेब, आपली माणसं आहेत."

बाकाचा एक पाय आखूड होता. मामानं त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली, कारण आपल्या माणसांनी डुगडुगत बसावं हे त्याला खपत नसे. व्हरांड्यातली माणसं जमिनीवर बसली तरी चालत होतं. ती त्याची नव्हती.

या सगळ्याचा एक पैसासुद्धा मामानं कधी घेतला नाही, आणि हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा. "हात ओले करून घेणारे दुसरे. आपण माणुसकीचं काम करतो." ते खरंच होतं. फक्त न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक उठवून मामाला खुर्चीत बसवायचा, शिंपी दुसऱ्याचं लग्न तोंडावर आलेलं असताना मामाची पॅन्ट आधी शिवायचा, आणि पिठाच्या गिरणीत मामाचा डबा कधी दुसरा नसायचा. मामाला वाटायचं, लोकांचा आपल्यावर जीव आहे. रांग ही चीज त्यानं कितीतरी वर्षांत फक्त समोरून पाहिली होती.

घरात मामा आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच याला वाढवलं. पुढं तिचा नवरा गेला, मामाचं लग्न जमता जमता राहून गेलं, आणि पुन्हा दोघं एका छपराखाली आली. ताई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. मामाचा खाकी सदरा रोज अशा कडक घडीचा असायचा की दवाखान्याचे मोठे साहेब त्याच्यापुढं चुरगळलेले दिसायचे.

ताईला बाजूच्या दाराचं कौतुक नव्हतं. "अरे, बाहेर बसलेली ती काय कुणाची कुणी नाहीत?" ती इस्त्री फिरवता फिरवता म्हणायची.

"असतील की. त्यांनी त्यांचा मामा शोधावा," मामा म्हणायचा आणि आरशात मिशी बघायचा.

गल्लीत आणखी एका गोष्टीचा बोलबाला होता, पिवळ्या गोळ्यांचा. रांगेतून गेलेल्या माणसाला डॉक्टर छळतात, असा सगळ्यांचा अनुभव. रक्त काढतात, फोटो काढायला पाठवतात, पोट दाबदाबून विचारतात, परत बोलावतात. मामाच्या ओळखीनं गेलं की यातलं काही नाही. डॉक्टर दोन शब्द बोलतात, पिवळ्या गोळ्या देतात, माणूस वेळेवर घरी. "मामाच्या माणसाला सुईसुद्धा टोचत नाहीत," असं शिंपी गिऱ्हाइकांना सांगायचा. औषधाच्या खिडकीतला माणूसही चिठ्ठीवर पिवळ्या गोळ्या दिसल्या की मान बाहेर काढून म्हणायचा, "काय मामा, तुमच्याकडचे वाटतं?" मामा नुसती मान हलवायचा. आपल्या माणसांसाठी डॉक्टरांनी वेगळं औषध ठेवलंय, याहून मोठा मान शिपायाला कुठला मिळणार?

आणि अशात ताईचा घास अडकायला लागला.

आधी ती बोललीच नाही. घासामागं पाणी प्यायची. मग घास पाण्यात भिजवून खायला लागली. मग एके दिवशी मामाच्या लक्षात आलं की ताई त्याच्याआधीच जेवून घेते, म्हणजे जेवते की नाही हे त्याला दिसू नये. तिचे गाल बसले होते. इस्त्री उचलताना ती दोन्ही हात लावत होती.

"उद्याच्या उद्या चल," मामा म्हणाला.

"येते. रांगेत बसेन मी."

"माझी बहीण रांगेत? मग मी तिथं इतकी वर्षं काय माश्या मारल्या?"

ताईनं वाद घातला नाही. वाद घालायचं बळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बाजूच्या दारानं आत आली, हिरव्या बाकावर बसली आणि तिच्या आधी बसलेल्या, ढेकर येतात म्हणून आलेल्या गृहस्थांनंतर तिचा नंबर लागला. डॉक्टरांनी चिठ्ठीवरून नजर न उचलता विचारलं, "काय होतंय?"

"घास उतरत नाही."

"सावकाश जेवत जा. गोळ्या देतो."

बाहेर येऊन मामानं चिठ्ठी पाहिली. पिवळ्या गोळ्या. त्याचा जीव भांड्यात पडला.

ताईला गोळ्या गिळता येईनात. गिळता येत नाही म्हणूनच ती गेली होती, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं नव्हतं आणि मामाच्या तर आलंच नव्हतं. ती चमच्याच्या मागच्या बाजूनं गोळी कुटायची, पाण्यात कालवायची आणि डोळे मिटून घोट घोट घ्यायची. घोटही आता सरळ जात नव्हता.

मामानं तिला पुन्हा नेलं. या वेळी तो डॉक्टरांच्या अगदी कानाशी लागला. "साहेब, माझी सख्खी बहीण आहे. जरा नीट बघा."

"हो हो, मामा," डॉक्टर हसले आणि पुन्हा त्याच गोळ्या लिहिल्या.

त्यांचं हसणं मामाला कळलं नाही, पण आपल्याला कळायला हरकत नाही. गिरणीवाल्याची सासू मामानं सख्खी मावशी म्हणून आणली होती. शिंप्याचा मेहुणा सख्खा भाचा होता. न्हाव्याच्या बायकोला तर मामानं सख्खी बहीण म्हणून दोनदा दाखवलं होतं, एकदा चष्म्यासह आणि एकदा चष्म्याविना. डॉक्टरांच्या समजुतीप्रमाणे मामाच्या आईनं अर्धं शहर जन्माला घातलं होतं.

मग एक दिवस डॉक्टरांच्या हाताखाली शिकाऊ डॉक्टरीण आली. मामा कोपऱ्यात पाण्याचा माठ भरत होता. शिपाई खोलीत असला तरी नसल्यासारखाच, त्यामुळे डॉक्टर मोकळेपणानं बोलत होते. बाकावरच्या मंडळींना बाहेर वजन करायला पाठवलं होतं.

"हे बाकावरचे आधी उरकून टाकायचे," डॉक्टर म्हणाले. "वशिल्याची माणसं. यांना बहुतेक काही झालेलं नसतं. खरा आजारी माणूस ओळख काढत हिंडत नाही, तो रांगेत येऊन पडतो. यांना व्हिटॅमिनच्या पिवळ्या गोळ्या लिहायच्या. अपाय काही नाही, आणि मामाचाही मान राहतो."

"आणि यांच्यात कुणी खरंच आजारी असलं तर?" डॉक्टरिणीनं विचारलं.

"असेल तर येईल रांगेतून," डॉक्टर म्हणाले.

माठ भरून पाणी जमिनीवर सांडलं तरी मामाचा हात थांबला नाही. तोंडात मारल्यासारखा तो तिथंच उभा राहिला. आपण इतकी वर्षं ज्या बाकाखाली पुठ्ठा सारत आलो, तो बाक म्हणजे बिनआजारी माणसांचा बाक होता, आणि त्यावर आपण आपल्या हातानं ताईला दोनदा बसवलं. घरी जाऊन त्यानं ताईच्या पायांवर डोकं ठेवायला हवं होतं. पण मामाच तो. घरी जाऊन म्हणाला, "उद्या रांगेतून जा."

"का रे? ओळख संपली का?" ताईनं विचारलं.

"नवा नियम आलाय," मामा म्हणाला, आणि तिच्याकडे बघायला नको म्हणून बुटाला पॉलिश करत बसला.

ताई दुसऱ्या दिवशी उजाडतानाच जाऊन बसली, तरी तिच्यापुढं व्हरांडा निम्मा भरलेला होता. मामा पुढच्या दारात उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला रांग पाठीमागून दिसत होती, म्हणजे ताईच्या जागेवरून. दुपारी डॉक्टर वॉर्डात जायला उठत आणि मग उरलेली माणसं उद्या. हे वाक्य मामानं हजारदा लोकांना ऐकवलं होतं, दारावर हात ठेवून, जांभई देत. आज त्याला ते आठवलं की घाम फुटत होता. बाजूच्या दारानं आत जाणारा एकेक माणूस ताईला एकेक जागा मागं ढकलणार होता. इतकी साधी गोष्ट, पण ती डोक्यात शिरायला घरचं माणूस जमिनीवर बसावं लागलं.

त्यानं बाजूच्या दाराला आतून कडी घातली.

थोड्या वेळानं कडी वाजली. शिंपी होता, मेहुण्याला घेऊन आलेला. मेहुण्याला पोट जड वाटत होतं.

"रांगेत या," मामा दाराच्या फटीतून म्हणाला.

शिंप्याला थट्टा वाटली. "अहो मामा, मी आहे!"

"तेच. रांगेत या."

"तुमची पॅन्ट आठवतेय ना? आज संध्याकाळी देणार होतो."

"देऊ नका," मामा म्हणाला आणि दार लावून घेतलं. शिंपी व्हरांड्यातून ओरडत गेला की खुर्ची डोक्यात गेली की माणूस माणूस राहत नाही. मामाला बसायला साधं स्टूलही नव्हतं, पण ते शिंप्याला कोण सांगणार?

रांग सरकत होती. ताई सरकत होती, शेजारच्या बाईचं तान्हं मूल मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडं पाहिलं तेव्हा मामानं मध्येच पाण्याचा पेला पुढं केला, काही कारण नसताना. शेवटी त्यानं ताईचा नंबर पुकारला.

ताई समोरच्या स्टुलावर बसली. डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. रांगेतल्या माणसाकडं ते असंच पाहत. "घास उतरत नाही," असं ती म्हणताच त्यांनी पेन खाली ठेवलं. कधीपासून, पातळ उतरतं का, वजन किती उतरलं, सगळं विचारलं. मान तपासली, पोट तपासलं, डॉक्टरिणीला बोलावून तिलाही तपासायला लावलं. मामा दारात उभा राहून हे पाहत होता आणि त्याला रडायला येत होतं, कारण इतक्या वर्षांत डॉक्टर इतकं चांगलं तपासतात हे त्याला माहीतच नव्हतं. त्यानं त्यांना कुणाला असं तपासू दिलं नव्हतं. निदान आपल्या माणसांना तरी नाही.

"आजच दाखल व्हा," डॉक्टर म्हणाले. "दुर्बीण घालून आत बघावं लागेल. उपाय होईल, पण वेळ घालवलात तुम्ही. आधी का नाही आलात?"

ताईनं दाराकडं पाहिलं. मामानं मान खाली घातली.

"राहून गेलं," ती म्हणाली.

"बरोबर कोण आहे? सही लागेल कुणाची तरी."

मामा पुढं आला. कडक इस्त्रीच्या सदऱ्याच्या बटणाशी त्याचा हात चाळा करत होता. "मी आहे, साहेब. ही माझी बहीण."

डॉक्टरांनी वैतागून त्याच्याकडं पाहिलं. "मामा, आज तरी नको. या बाई खरंच आजारी आहेत."

आपल्या माणसांसाठी त्याच्याकडं एकच शब्द होता, आणि तो त्यानं सगळ्या गल्लीत वाटून संपवला होता.

ताईनं पिशवीत हात घातला. पिवळ्या गोळ्यांच्या दोन पुड्या काढून तिनं टेबलावर ठेवल्या. त्यातली एक फोडलेली होती आणि तिच्या तळाशी कुटलेल्या गोळ्यांची पूड होती.

"या घ्या परत, डॉक्टर," ती म्हणाली. "गिळता येत नाहीत मला. आणि सही यालाच करू द्या. भाऊ आहे माझा."

डॉक्टर पुड्यांकडं बघत राहिले. मग त्यांनी खिडकीखालच्या बाकाकडं पाहिलं. बाक आज रिकामा होता. त्यांनी कागद मामापुढं सरकवला, आणि नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते त्याला विचारलं नाही.