परण्यातली व्ही-ट्विन

दोन सिलिंडरच्या गाडीला लग्नाला न्यायचं नसतं. ही माहिती मला कुणीही वेळेवर दिली नाही, आणि त्याबद्दल काही माणसांशी माझं आजही नीट बोलणं नाही.

मी मूळचा मुखेडचा. आठवडी बाजारात पोतं अंथरून नळाच्या तोट्या विकण्यापासून सुरुवात केली आणि आज लातुरात पाईप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. हे सगळं घासाघीस करून झालं. सांगितलेल्या भावात मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. (बायको म्हणते, सासऱ्यांकडे मागणी घालायला गेलो तेव्हासुद्धा मी आधी तिच्यातल्या दोन खोड्या काढल्या होत्या. हे खोटं आहे. एकच काढली होती.)

ती गाडी मी नांदेडच्या एका डॉक्टरांकडून घेतली. क्रूझर मोटारसायकल, लांबलचक, पाय पुढं टाकून आरामखुर्चीसारखं बसायचं. मधे दोन सिलिंडर, हाताची दोन बोटं फाकवून दाखवावीत तसे. डॉक्टरांनी स्टार्टर दाबला आणि इंजिन बोलू लागलं: धप-धप... धप. धप-धप... धप.

मी लगेच कपाळाला आठ्या घातल्या. "डॉक्टर, ही तर मिसिंग करून राहिली!"

"अहो, नाही. व्ही-ट्विनचा ठोका असाच असतो. लंगडत चालल्यासारखा."

"लंगडत चालणाऱ्याला तुम्ही फिट म्हणून सर्टिफिकेट देता का?"

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. मी ती आकृतीसुद्धा तिरकी आहे म्हणालो. चहा झाला, दुसरा चहा झाला, बाहेर पेशंट खोकायला लागले. शेवटी डॉक्टर हात जोडून म्हणाले, "न्या. पण आता जा!" सौदा झाला की मला असे शब्द ऐकायला फार आवडतात.

आणि गाडी खरंच सोन्यासारखी निघाली. मोटारी विकणारा माणूस मी, मला ताकदीतलं कळतं. पिळवटून, किंचाळून पळणारी इंजिनं वेगळी. ही इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच अशी ओढायची की वरच्या गियरमध्ये टाकली की अहमदपूर, लोहा करत नांदेड येईपर्यंत गियरला हात लावायची गरज पडायची नाही. ट्रकच्या मागं हळू झालो तरी नुसतं मनगट वळवायचं, पोटातून एक हुंकार, आणि ट्रक आरशात! कधी बंद नाही, कधी कुरकुर नाही. कुरकुर फक्त मागं बसणारीची. "अहो, मांडी भाजतीय," बायको म्हणायची. मी म्हणायचो, "हिवाळ्यात आठवण काढशील."

तर अशात भाच्याचं लग्न ठरलं. माझी थोरली बहीण, अक्का, तिचा एकुलता अमोल. मुलगी देवणीची. लग्न देवणीत, वैशाखातलं, भर दुपारचं. आमच्याकडं नवरदेव आधी मारुतीच्या देवळात जातो आणि तिथून घोड्यावर बसून वाजतगाजत मांडवात येतो, त्याला परण्या म्हणतात. दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, उदगीरचा पांढरा घोडा ठरवला होता. दाजी रिटायर्ड हेडमास्तर. ठरवलं म्हणजे काय, मालकानं सांगितलं आणि यांनी मान हलवली! मला राहवेना. मी घोडेवाल्याला फोन लावला.

"घोडा केवढा आहे?"

"घोड्याएवढा हाय, सायेब."

"नाचतो का?"

"लई."

"आम्हाला नाचणारा नको. न नाचणाऱ्याचा भाव सांग."

मग तो म्हणाला, "सायेब, तुमी असं करा, नवरदेवाला तुमच्या फटफटीवरच न्या!"

हे वाक्य माझ्या काळजात रुतलं. फटफटी! मी तिथल्या तिथं घोडा रद्द केला.

दाजींना कळलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. ते कधी चिडत नाहीत; तोच त्यांचा चिडवण्याचा प्रकार आहे. "बालाजीराव, यंत्र आहे. ऐनवेळी बंद पडलं तर?"

"दाजी, लातूर-नांदेड एका दमात जाते ही गाडी! देवळापासून मांडव म्हणजे दोन हाका मारण्याइतका रस्ता."

अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "बालाजी, बाकी काहीबी कर, मुहूर्त तेवढा चुकू देऊ नगस. नवरीचे आजोबा अक्षता पडल्याबिगर पाण्याचा घोटबी घेत न्हाईत. त्या म्हाताऱ्याला उन्हात तंगवलं तर मला जन्मभर त्या घरात मान वर करता यायची न्हाई."

"अक्का, माझी जबाबदारी," मी म्हणालो.

लग्नाच्या दिवशी मी गाडी आरशासारखी पुसली, हँडलला झेंडूच्या माळा बांधल्या, फेटा घातला. मी पुढं, मागं अमोल, कपाळाला बाशिंग, हातात कट्यार. मारुतीचं दर्शन झालं, स्टार्टर दाबला. धप-धप... धप! सगळी देवणी वळून बघायला लागली. घोडेवाला असता तर त्यानं तिथंच माफी मागितली असती.

परण्या निघाला. पण 'निघाला' हा शब्दच मोठा आहे. पुढं बँड. बँडपुढं अमोलचे मित्र. मित्र दोन पावलं पुढं नाचायचे आणि तीन पावलं मागं. मी क्लच दाबायचो, सोडायचो, पुन्हा दाबायचो. शंभरानं पळायला जन्मलेलं इंजिन गोगलगाईच्या मागं हात जोडून उभं! वरून ऊन, खालून इंजिन, आणि फेट्यातून घाम थेट डोळ्यात.

"मामा," मागून आवाज आला, "पाय भाजून राहिलाय."

"लग्नात थोडं सोसावं लागतं."

"मामा, बुटाचा वास येऊन राहिलाय."

"नवा बूट आहे. नव्याला वास येतोच."

पुढच्या चौकात मित्रांनी नागीण धरली. रुमाल दातात, रस्त्यावर लोळण. बरोबर तिथं माझ्या गाडीचा ठोका बदलला. धप... धप. मग नुसतंच धप. मग काहीच नाही. आणि बँडचं गाणं नेमकं तेव्हाच संपलं होतं, त्यामुळं ती शांतता अख्ख्या देवणीला ऐकू आली.

स्टार्टर दाबला. इंजिन दोनदा खाकरलं आणि गप्प. चोक ओढला, टाकीला चापट मारली, शिवी दिली. सिलिंडरवर बोट ठेवलं आणि ते बोट घेऊन जागच्या जागी असा नाचलो की मित्रांना वाटलं मामाही सामील झाले. बँडनं पुन्हा नागीण सुरू केली!

मी नांदेडला फोन लावला. "डॉक्टर! खराब माल गळ्यात मारला तुम्ही! गाडी बंद पडली!"

"शक्यच नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "किती स्पीडला होता?"

"स्पीड कसला? परण्यात होतो."

"कशात?"

"परण्यात! पुढं पोरं नाचतायत!"

डॉक्टर खोकले. बहुधा हसू गिळत होते. "अहो, हे इंजिन वाऱ्यावर थंड होतं. मागचा सिलिंडर तर पुढच्याच्या आडोशाला, त्याला चालत्या गाडीतही वारा कमीच. तुम्ही त्याला उन्हात उभं करून शिजवलंत. अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या, आपोआप सुरू होईल."

"हे विकताना का नाही सांगितलं?"

"नवरदेव न्यायचाय हे तुम्ही घेताना कुठं सांगितलंत?"

(परण्याबद्दल त्यांनी तेव्हा एक अक्षर काढलं नव्हतं, ही माझी तक्रार कायम आहे.)

तेवढ्यात अक्का गर्दीतून आली. शालू सावरत, तोंड एवढंसं झालेलं. "बालाजी, मुहूर्त आलाय. आजोबा खुर्चीत बसून ऱ्हायलेत, सारखं घड्याळ बघून ऱ्हायलेत. त्ये घोडंच बोलवून घे."

मी मान खाली घालून घोडेवाल्याला फोन लावला. "सायेब," तो आनंदानं म्हणाला, "घोडं सध्या निलंग्यात दुसऱ्या नवऱ्याखाली हाय."

"मामा, मी चालत जातो," अमोल म्हणाला. पण बुटाचा तळ खरंच वितळून सायलेन्सरला चिकटला होता. पाय निघत होता, बूट निघत नव्हता. आणि अनवाणी नवरदेव मांडवात गेला असता तर बोलणारी तोंडं काय कमी होती?

तेव्हा नवरीचे चुलते शिवराजअप्पा पुढं आले. देवणीचा माणूस, बैलांवर पोरांपेक्षा जास्त जीव. त्यांनी आपली प्रदर्शनात मिरवलेली जोडी पाहुण्यांना बघायला म्हणून रस्त्याकडेला सजवून उभी केली होती. अंग पांढरंशुभ्र, तोंडं काळी, पाठीवर झुली, जू घातलेलं. पाहुणे नवरीपेक्षा त्या बैलांबरोबर जास्त फोटो काढत होते.

"मामासायेब," अप्पा म्हणाले, "दोर बांधा गाडीला. माझी जोडी नेती तुमाला."

"बैलांनी? ह्या गाडीला?"

"का, बैलास्नी काही अडचण न्हाई."

मी आयुष्यात पहिल्यांदा काहीही घासाघीस न करता 'हो' म्हणालो. दोर बांधला. अप्पांनी हाळी दिली आणि बैल निघाले. अहाहा, काय चाल! बँडच्या तालात, न धापता, न तापता. मित्रांना नाचायला घोडा मिळाला नव्हता तर बैल मिळाले. ते दुप्पट चेकाळले. मी वर फेटा घालून, दोन्ही हातांनी हँडल धरून, चेहऱ्यावर हे सगळं आधीच ठरलेलं होतं असा भाव आणून बसलो.

आणि सगळं नीट पार पडलं असतं. पण मांडवाच्या कमानीपाशी दाजी उभे होते. त्यांनी फक्त बैलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चष्मा पुसायला काढला.

माझं डोकं फिरलं. तेवढ्या वेळात इंजिनाला जरा वारा लागला होता. म्हटलं, दाखवतोच! अंगठ्यानं स्टार्टर दाबला.

पहिल्या दाबात सुरू! धप-धप... धप! असा ठोका की कमानीवरचे बल्ब थरथरले. मी विजयानं दाजींकडं वळून बघितलं, आणि तेवढ्यात बैलांनीही मागं वळून बघितलं.

मग बैल उधळले.

"धरा! धरा!" अप्पा ओरडले. बँडवाले ड्रमसकट बाजूला उडाले. मी ब्रेक दाबला, पण बैलांना माझ्या ब्रेकशी काही देणंघेणं नव्हतं. "मामा, इंजिन बंद करा!" अमोल माझ्या फेट्यात तोंड खुपसून ओरडत होता. मला ते किल्लीनं बंद होतं हे आठवतच नव्हतं! कमानीला बांधलेले केळीचे खांब दिसले तसे बैल त्यांच्याकडं वळले, दोर सुटला, आणि आम्ही मामा-भाचे खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं धपधपत थेट स्टेजपर्यंत गेलो. गाडी थांबली ती नवरीच्या आजोबांच्या खुर्चीसमोर, एका हाताच्या अंतरावर.

अक्कानं डोळ्यांवर पदर घेतला होता.

आजोबांनी गाडीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग घड्याळाकडं बघितलं.

"आला का? येळेवर आला," ते म्हणाले. "हूं, आंतरपाट धरा. तहान लागलीय."

अक्षता पडल्या. आजोबा पाणी प्यायले. अक्का स्टेजच्या मागं जाऊन रडली, मग हसली, मग येऊन माझ्या पाठीत एक धपाटा घातला. बैलांनी दोन्ही खांब संपवले. अमोलच्या पायाला नवरीनं पहिल्याच दिवशी मलम लावलं, त्यामुळं संसाराची सुरुवात चांगली झाली, असं माझं मत आहे.

पण माझं दुःख वेगळंच आहे. इंजिनात खोट नव्हती, हे कुणीही मान्य करत नाही. पहिल्या दाबात सुरू झालं की नाही? झालं! दाजी म्हणतात, "इंजिन उत्तम आहे हो, फक्त त्याला प्रसंग कळत नाही." हे ते इंजिनाबद्दल बोलतात की माझ्याबद्दल, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

त्या परण्याचा व्हिडिओ मोबाईलवरून गावोगावी फिरला. परवा उदगीरकडची एक पार्टी दुकानात आली. पोराच्या लग्नाला गाडी पाहिजे म्हणाले. माझी छाती फुगली. म्हटलं, अखेर कदर करणारी माणसं आली! सर्व्हिसिंग करून देतो, टाकी काठोकाठ भरून देतो म्हणालो.

नवरदेवाचा बाप म्हणाला, "तेल कशाला वाया घालवता, मामा? बैल आमच्या घरचेच हायत. तुमी फक्त किल्ली घरी ठिवून या."